एक गाठ, दोन गाठी

माझ्या पिकअपच्या वायरिंगला हात लावायला या भागातला एकही इलेक्ट्रिशियन तयार नाही. बॉनेट उघडतात, आत डोकावतात आणि परत खाली आपटतात. "ताई, ही गाडी गाठोबांकडेच न्या."

गाठोबा म्हणजे माझे बाबा. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांचं वायरिंग केलं. त्यांच्या हातून गेलेली गाडी लगेच ओळखू येते, कारण आतल्या सगळ्या तारा काळ्या. एकाच रिळातल्या. कंपनीच्या लाल, हिरव्या, पिवळ्या तारा ते उपटून फेकायचे, आपली काळी तार ओढायचे आणि प्रत्येक तारेच्या टोकाशी गाठी मारायचे. एक गाठ म्हणजे प्लस. दोन गाठी म्हणजे मायनस. तीन गाठी हॉर्न, चार डावा इंडिकेटर, पाच उजवा. बाकीचे मिस्त्री हसायचे. "तुझ्या बाबांना सांग, एखादा स्वेटरही विणा," असं शाळेतली पोरं मला म्हणायची आणि मी त्यांना बदडायचे. बदडायचे, आणि तरीही मला बाबांची लाज वाटायची. दोन्ही एकाच वेळी. लपवण्यात काय अर्थ आहे?

रागीट मी तेव्हापासूनच. बाबा मला ठिणगी म्हणतात.

मी काच वाहते. खिडक्यांची, दारांची, मोठमोठ्या तावदानांची. मागे लाकडी घोडा आहे, त्याला दोन्ही बाजूंनी काचा टेकवायच्या, मध्ये फेल्टचं जाड कापड घालायचं, पट्टे आवळायचे. रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत, पहाटेच निघावं लागतं. कारखान्यापासून हमरस्त्यापर्यंतच्या अकरा किलोमीटरमध्ये एकही दिवा नाही. खड्डे मात्र भरपूर आहेत. ज्यांनी ते बुजवायचे ते पहाटे झोपलेले असतात. गाडीचे मूळचे दिवे म्हणजे दोन पिवळी फुलं. खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं आणि मागून तो आवाज येतो. काच तडकल्याचा आवाज एकदा ऐकला की माणूस आयुष्यभर कान टवकारून गाडी चालवतो.

म्हणून एलईडी लाइट बार घेतला. हातभर लांब, ॲल्युमिनियमची पेटी, आत दोन ओळींत दिवे. पेट्रोल पंपासमोरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून आणला. दुकानदार म्हणाला, बसवून देतो, तासाभराचं काम. मी म्हटलं, उद्या सकाळी येते.

घरी आल्यावर बाबांनी खोका बघितला. उचलून वजन घेतलं.

"कोण बसवणार?"

"दुकानदार."

"का? मी मेलोय?"

"बाबा, तुम्ही दुकान बंद करून वर्ष झालं. गुडघे दुखतात म्हणता."

"बार गुडघ्यांनी बसवतात का?" त्यांनी खोका छातीशी धरला. "एवढं एक करू दे मला. हे जमलं नाही तर पक्कड भंगारात देतो आणि गप्प बसतो. मग तुम्ही मायलेकी मला टीव्हीसमोर ठेवा, रोज धूळ झटका."

विनोद केल्यासारखं बोलले, पण माझ्याकडे बघत नव्हते. दुकान बंद झाल्यापासून घरातलं प्रत्येक बटण त्यांनी दोनदा उघडून साफ केलं होतं. मिक्सर तीनदा. आई म्हणायची, आता हे मलाच उघडून बसतील.

"उद्याच हवाय," मी म्हटलं. "परवा पहाटे शाळेच्या खिडक्यांचा लोड आहे. चोवीस तावदानं."

"उद्या संध्याकाळी तुझ्या हातात स्विच देतो."

दुसऱ्या दिवशी मी फेरी करून सकाळी नऊला परतले, तेव्हा आई शिवणाच्या कामाला निघून गेली होती आणि बाबा फाटकाशीच हत्यारं मांडून बसले होते. मी नुसतं बघत उभी राहिले. बार मला वर टपावर हवा होता, ऐटीत. बाबांनी ऐकून घेतलं आणि खाली बंपरवर खुणा करायला लागले.

"टपावर लावलास की उजेड आधी तुझ्याच बॉनेटवर पडणार आणि तुझेच डोळे दिपणार. आणि समोरच्याचे वेगळे. खाली लाव. खड्डे जमिनीवर असतात, आभाळात नाही."

भोक पाडायच्या आधी त्यांनी खिळा ठोकून नेमका ठिपका केला, म्हणजे ड्रिल घसरत नाही. भोकाची धार कानशीने घासली. उघड्या पत्र्यावर बोटाने रंग लावला, गंजू नये म्हणून. सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून भोकात बसवला, म्हणजे पत्र्याने तार सोलली जाणार नाही. एवढा वेळ जगात कोण घेतं? मी आधीच पहाटे तीनची उठलेली. उभ्या उभ्या डुलक्या घेत होते.

"जा, झोप," ते बंपरखालून म्हणाले. "पहारा देऊ नकोस."

मी झोपले. तीच चूक झाली. पण ती चूक आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

उठले तेव्हा चार वाजले होते. बाबा रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले होते, पक्कड मांडीवर. बार बंपरवर असा बसवला होता, जणू कंपनीतूनच आलाय. तारा काळ्या नळीत, नळी पट्ट्यांनी ठिकठिकाणी बांधलेली, जोडाच्या अलीकडे छोटासा झोळ, म्हणजे पाणी जोडात न जाता खाली टपकेल. डॅशबोर्डवर स्विच. मी स्विच दाबला.

काही नाही.

"बार खराब आहे," बाबा म्हणाले. "परत कर."

"फ्यूज?"

"बघितला. रिले टिकटिक करतो. जोडापर्यंत करंट येतोय. बारच मेलाय." मग हळूच, "मेलेलाच आला असेल."

हे शेवटचं वाक्य ते मला सांगत नव्हते.

मी चार बोल्ट काढले, जोड सोडवला आणि बार काखेत मारून तणतणत दुकान गाठलं. वाटेत दुकानदाराला काय काय ऐकवायचं त्याची मनात उजळणी झाली होती. मी काउंटरवर बार आपटला. "मेलेला माल विकता?"

तो शांतपणे उठला. कोपऱ्यातल्या बॅटरीपाशी गेला, बारच्या दोन तारा धरल्या, टेकवल्या. दुकान पांढरंफटक झालं. काउंटरच्या काचेखालचे स्क्रू मोजता येतील एवढा उजेड.

"जिवंत आहे की."

मी काउंटरवर टेकलेला हात काढून घेतला.

"उलटा जोडला असणार, ताई. लाल प्लसला, काळी मायनसला. पूर्वीच्या बल्बला काही फरक पडायचा नाही, कसाही लावा, पेटायचा. एलईडी उलटा पेटत नाही. नशीब जळला नाही." मग त्याने तारा बोटात धरून नीट बघितल्या आणि हसला. "आणि या गाठी कसल्या?"

मी बघितलं.

बारच्या दोन्ही तारांना बाबांनी गाठी मारल्या होत्या. सुबक, घट्ट, नेहमीसारख्या. काळ्या तारेला एक गाठ. लाल तारेला दोन.

एक म्हणजे प्लस. दोन म्हणजे मायनस.

घाईत माणूस तार उलटी जोडतो. गाठ घाईत मारता येत नाही. विचार करून, बोटांनी चाचपून, खात्री करून त्यांनी काळ्या तारेला प्लस ठरवलं होतं.

"कोणी बसवला हा?" दुकानदाराने विचारलं. "कोण हा हुशार?"

"मी," मी म्हटलं.

"वाटलंच. ताई, गाडी चालवणं वेगळं आणि वायरिंग वेगळं. लाल आणि काळं तर शाळेतल्या पोरालाही कळतं."

मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, एवढ्यावर मी काय केलं असतं. एकदा वजनकाट्यावरच्या माणसाने मला "बाई असून" अशी सुरुवात केली, तर त्याचं वाक्य आजतागायत पूर्ण झालेलं नाही. पण त्या दिवशी मी बार उचलला, "चुकलं माझं" म्हटलं आणि बाहेर आले. हे दोन शब्द मी कधी उच्चारले होते ते आठवत नाही.

गाडीत बसले. किल्ली फिरवली नाही.

मी चार वर्षांची असल्यापासून बाबांच्या दुकानात बसायचे, अशाच रंगाच्या डब्यावर, पाय लोंबकळत. बाबा गाडीखाली आडवे. गाडीखालून हात बाहेर यायचा, हातात दोन तारा. "ठिणगे, लाल कुठली?" मी बोट लावायचे. "आणि हिरवी?" मी सांगायचे. "वा! हुशार!" हात आत जायचा. दिवसातून पन्नास वेळा. मला वाटायचं बाबा मला रंग शिकवताहेत. शाळेत पहिल्याच दिवशी मी बाईंना ऐटीत सगळे रंग सांगितले होते. "कोणी शिकवलं?" "माझ्या बाबांनी!"

ते शिकवत नव्हते. ते विचारत होते.

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. चाळीस वर्षं गाड्यांत हात घातले, पण बाबांनी लायसन कधी काढलं नाही. "गाडी चालवणाऱ्याला गाडी आतून कळत नाही," म्हणायचे. टोमॅटो आणायला आई त्यांना कधी पाठवायची नाही. आम्ही सगळे समजायचो, आळशी आहेत. आणि मी त्यांना माझं नवं लाल जॅकेट दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "काळा रंग तुला शोभतो." मी आठवडाभर फुगून बसले होते.

हे ज्याने ठरवलं, त्याला एकदा समोर उभं करायला हवं. ज्या दोन तारांवर सगळा खेळ, त्यांना नेमके असेच दोन रंग द्यायचे, जे काही माणसांना वेगळे दिसतच नाहीत. एका तारेवर नुसती एक रेघ उमटवली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही. सगळ्यांचे डोळे सारखेच, असं धरून चालायचं आणि ज्याचे नाहीत त्याला शाळेतल्या पोराखाली बसवायचं.

घरी पोचले तेव्हा आई आली होती, घेवडा मोडत होती. बाबा मागच्या अंगणात होते.

"आई, बाबांना लाल रंग दिसत नाही?"

तिचा हात थांबला नाही. "कोण म्हणालं?"

"गाठी म्हणाल्या."

तिने घेवड्याची शीर ओढून काढली. "मला बघायला आले तेव्हा एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात हिरवा. मी हसले. ह्यांना वाटलं, लाजले."

"आणि तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"सांगण्यासारखं काय त्यात? ह्यांच्या शर्टांना आतून दोरा आहे, हिरव्याला एक टाका, तपकिरीला दोन. तूच तर इस्त्री करतेस. कधी विचारलंस?" मग आवाज खाली आणून, "हे बघ, तू आता तोंड उघडू नकोस. गुपचूप तारा बदल आणि म्हण, दुकानदाराने दुसरा बार दिला. माणूस कालपासून जरा उमलला होता."

आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन मिनिटांचं काम. बार पेटला असता, बाबा खूश, पक्कड वाचली. पण मग यापुढे ते जे काही बसवतील ते मी त्यांच्यामागे जाऊन गुपचूप तपासणार? लहान मुलाची अंथरुणं बदलावीत तसं? माझ्या बाबांचं? मला ते जमणार नव्हतं. मला गुपचूप काहीच जमत नाही.

अंगणात बाबा हत्यारं पुसून पेटीत भरत होते. पक्कड पेटीबाहेर, वेगळी ठेवली होती. भंगारासाठी.

"दुसरा दिला?" त्यांनी विचारलं.

"नाही. हाच. पेटतोय."

ते फडक्याने पाना पुसत राहिले, जो आधीच स्वच्छ होता. "मला वाटलं, मी जाळला," शेवटी म्हणाले.

मी रंगाचा डबा ओढला आणि त्यावर बसले. आता पाय लोंबकळत नाहीत, गुडघे हनुवटीपर्यंत येतात. बार मांडीवर आडवा घेतला आणि दोन तारा त्यांच्यासमोर धरल्या.

"ही लाल," मी म्हटलं. "आणि ही काळी."

बाबांनी तारांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उन्हात थोडाफार फरक कळतो," ते म्हणाले. "बंपरखाली सावली होती. दोन्ही काळ्याच. तू झोपली होतीस, तुझी आई नव्हती. म्हटलं, एवढं तर जमेल. चाळीस वर्षं केलंय."

"मला उठवायचं ना!"

"काय सांगून? की ठिणगे, ऊठ, लाल कुठली सांग?" ते थोडं हसले. "चिडू नकोस. मला खरंच वाटायचं, तुला ठाऊक आहे."

"मला? आज कळलं, बाबा. तासाभरापूर्वी. दुकानात."

"अगं, लहान होतीस तेव्हा तू मला कधी चुकीचा रंग सांगितला नाहीस. एकदाही नाही. पोरं गंमत म्हणून काहीबाही सांगतात. तू बोट लावून सांगायचीस आणि वर म्हणायचीस, 'नक्की हं, बाबा.' मला वाटलं, हिला कळलंय आणि ही सांभाळून घेतेय. चार वर्षांची पोर."

असं काही ऐकलं की मी ओरडते. म्हणून ओरडले, "आणि माझ्याआधी कोण सांगायचं?"

"उस्ताद, ज्यांच्याकडे मी काम शिकलो. रंग सांगायचे आणि वर एक टपली मारायचे. तू नुसती सांगायचीस."

"आणि माझ्यानंतर?"

बाबांनी पक्कड उचलली. उघडून मिटवून बघितली.

"नंतर कोण? तू शाळेत जायला लागलीस आणि मी गाठी मारायला लागलो."

मी मान खाली घातली. ज्या गाठींसाठी मी पोरांना बदडलं, ज्यांची मला लाज वाटली, त्या माझ्या जागेवर मारल्या होत्या. गाडीतली प्रत्येक गाठ. हॉर्नच्या तिन्ही, इंडिकेटरच्या पाचही.

"दुकानदार काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"म्हणाला, कोण हा हुशार."

"मग?"

"मी म्हटलं, मी."

"तू ऐकून घेतलंस?" त्यांच्या भुवया वर गेल्या. "तू? आणि काच शाबूत आहे त्याच्या दुकानाची?"

"शाबूत आहे."

ते इतके हसले की खोकला आला. आई खिडकीतून बघत होती. घेवडा हातात तसाच. बाबांनी तिला हात हलवून आत जायला सांगितलं, ती अर्थातच गेली नाही.

"आण," ते म्हणाले.

चुकलेल्या गाठी त्यांनी नखाने सोडवल्या. कापून टाकता आल्या असत्या, पण ते तार वाया घालवत नाहीत. मग हात पुढे केला, डोळे मिटून. मुद्दाम मिटले होते.

"लाल कुठली?"

"ही."

एक गाठ. घट्ट.

"नक्की?"

"नक्की हं, बाबा."

दोन गाठी दुसरीला. जोड केले, नळी चढवली, आगकाडीने ती तापवून आवळली. बोल्ट मी आवळले. मग बाबा मला म्हणाले, गाडीत बस, आणि स्वतः लंगडत कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. मी स्विच दाबला. भर संध्याकाळी भिंत अशी उजळली की तिच्यावर वाळत घातलेला आईचा दुपट्टा आरपार दिसायला लागला आणि शेजारच्या कुत्र्याने आमच्या खानदानाचा उद्धार सुरू केला.

"बंद करा तो सूर्य!" आई ओरडली. "डोळे गेले माझे!"

बाबा खडू घेऊन भिंतीवर रेघ मारत होते, बॉनेटच्या उंचीच्या जरा खाली. "खाली घे! बोल्ट ढिला कर आणि खाली घे! अजून! अगं, समोरून कुणी येईल की नाही? त्यालाही डोळे आहेत!"

पाऊण तास त्यांनी मला वाकवलं. उजेड रेघेच्या एक बोटभरही वर गेलेला त्यांना चालला नाही. दुकानदाराने एका तासात बसवला असता, आणि समोरून येणारा प्रत्येक जण मला शिव्या घालत गेला असता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी चोवीस तावदानं घेऊन त्या अकरा किलोमीटरवर होते. प्रत्येक खड्डा लांबूनच दिसत होता, कडांसकट, आतल्या पाण्यासकट. सगळं करड्या रंगाचं: रस्ता करडा, माती करडी, पाणी करडं. त्या उजेडात माझे आणि बाबांचे डोळे सारखेच झाले असते. मागून एकही आवाज आला नाही. चोवीसच्या चोवीस खिडक्या शाळेत उतरवल्या.

परतताना पेट्रोल पंपासमोर थांबले. दुकानदार शटर वर करत होता. मी गाडी त्याच्यासमोर आणली, दिवसाढवळ्या बार लावला आणि बंदही केला.

"पेटला का, ताई? शिकलात मग?"

"बॉनेट उघडून बघा," मी म्हटलं.

त्याने बघितलं. झोळ बघितला, ट्यूबचा गोल तुकडा बघितला, पट्टे मोजून सारख्या अंतरावर आहेत हे बघितलं. बराच वेळ वाकून राहिला. "हे काम..." म्हणाला आणि थांबला. मग गाठींवरून बोट फिरवलं. "एक कशाची, दोन कशाच्या?"

मी सांगितलं. त्याने डोळे मिटून परत चाचपलं.

"हे तर अंधारातही कळेल."

"तेच तर."

"कोणी बसवला, खरं सांगा."

"गाठोबांनी," मी म्हटलं. "चाळीस वर्षं करताहेत. तुम्हाला कधी अडलं तर विचारायला या. घरीच असतात. फक्त एक करा. तारा आणाल तेव्हा सोबत मला बोलवा. आम्ही दोघं मिळून काम करतो."